सतरावा उपचार

या मंडळी, या! पुढं सरका. त्या खांबामागच्या मावशी, तुम्हीसुद्धा या. खांबाला कान नाहीत, तुम्हाला आहेत! जवळ बसा, दाटीवाटीनं बसा. आज अशी गोष्ट सांगतो, की हसत हसत ऐकाल आणि घरी गेल्यावर गुपचूप परसदारी डोकावून याल.

बोला, नृसिंह भगवान की — जय!

आधी एक प्रश्न. अतिथीला आपण काय म्हणतो? देव! बरं. देवाची पूजा किती उपचारांची? सोळा! आसन द्यायचं, पाय धुवायचे, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य... शेवटी प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. झाले सोळा. देव प्रसन्न! पण मंडळी, देवाला नैवेद्य दाखवला की ताट जसंच्या तसं परत येतं. माणसाचं तसं नाही! माणसाला नैवेद्य वाढला, की त्याच्यापुढं दुसऱ्या दिवशीची सकाळ उभी राहते! मग सांगा — या चालत्याबोलत्या देवाला सोळा उपचार पुरतात का?

विचार करा. तोवर आख्यान सुरू करतो. आजच्या आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, वनवास नाही. आजच्या आख्यानात आहे — एक संडास.

हसा! तबलजी, तुम्हीही हसा, तोंड कशाला दाबता? आणि ज्यांना वाटतं की हरिकथेत हा विषय कशाला, त्यांनी उद्या सकाळी तिकडं न जाता दिवस काढून दाखवावा! मग आपण त्यांचंच कीर्तन करू!

तर ऐका. गोदेच्या काठी निंबखेड नावाचं गाव. गावात नृसिंहाचं देऊळ. वैशाखात देवाचं नवरात्र बसतं, नऊ दिवस कीर्तन. बाहेरगावचे बुवा येतात, त्यांचं बिऱ्हाड कुणाकडं? रासन्यांकडं! तीन पिढ्यांपासून हा मान रासन्यांच्या घराचा. भांडीवाले रासने. बाजारपेठेत दुकान — तांब्याची घागर, पितळेचं तपेलं, पंचक्रोशीतल्या लेकी यांचीच भांडी घेऊन सासरी जाणार. त्या घरची मालकीण जानकाक्का. सत्तरीची बाई, पण मान अशी ताठ, की डोक्यावर भरली घागर ठेवा, थेंब सांडायचा नाही.

आणि का नसावी ताठ? हाताला चव, घरात सुबत्ता, मुलगा मुकुंद दुकान सांभाळणारा, सून वैजयंती गुणाची. आणि वर बुवांच्या बिऱ्हाडाचा मान! देवस्थानचे पंच अण्णा देशमाने दरवर्षी मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "आक्का, आता आमचा बंगला बांधून झालाय. बुवांना यंदा तिकडं उतरवू की."

आक्का म्हणायची, "अण्णा, बंगल्यात बुवा राहतील हो. पण पुरणपोळी कोण लाटेल? तुमचा गवंडी?"

अण्णांचा मिशीवरचा हात खाली!

आता घराच्या परसात काय होतं? कमोड! आक्काचे यजमान, तात्या रासने, यांनी हौसेनं बसवलेला. गावातला पहिला. बसवला तेव्हा लोक दर्शनाला आले होते, मंडळी! पोरं रांगेनं येऊन साखळी ओढून गेली. आक्काला त्याचाही अभिमान. तात्या वारले, वर्षं लोटली. विहिरीचं पाणी खारं, कमोडच्या आतला रस्ता क्षारानं बुजत गेला. साखळी ओढली की टाकीतून आवाज यायचा — घर्रर्र... आणि मग? फुस्स! पाणी यायचं, फिरायचं, विचार करायचं, आणि जिथल्या तिथं! मग हौदावर जा, बादली भरा, आणा, ओता. एकीनं नाही भागलं तर दुसरी.

घरच्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आत जाताना मुकुंदचा हात आपोआप बादलीकडं जायचा. सवय हो! दार करकरतं ते पाहुण्याला ऐकू येतं, घरच्याला येतं का?

तर त्या वर्षी बुवा आले. नागेशबुवा सोनपेठकर. वय झालेलं, आवाज मात्र शंखासारखा! गुडघे दुखरे, काठी हातात. पहिल्या दिवशी आक्कानं पानात काय वाढलं? आमरस, कुरडई, पुरणपोळी, वर तुपाची धार. बुवा जेवले. तृप्त! ढेकर असा, की देवळातल्या घंटेनं उत्तर द्यावं.

दुसरा दिवस. पान मांडलं. बुवा म्हणाले, "आक्का, रागावू नका. देवाचं नवरात्र आहे. आता समाप्तीपर्यंत मी एकभुक्त. एक केळं, अर्धा पेला ताक. बास."

आक्काचे डोळे भरून आले. "बुवा, या वयात? या उन्हात?"

"त्याची इच्छा," असं म्हणून बुवांनी वर बघितलं.

मंडळी, तुम्हाला कळलं ना? बघा, माना हलतायत! तुम्हाला इथं सतरंजीवर बसून कळलं. आक्काला त्याच घरात राहून कळलं नाही! का? कारण अभिमानाला डोळे असतात, पण ते नेहमी ओट्यावरून रस्त्याकडं बघतात. परसाकडं कधी बघत नाहीत.

आक्का ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली. "अगं, केळ्यावर आहेत बुवा! पाणीसुद्धा घोटभर! माझ्या घरात तप चाललंय, तप!" गाव लोटलं. बायका पाया पडून जायच्या. बुवा बिचारे हात जोडून बसलेले. आणि समाप्तीच्या आदल्या दिवशी ऐन कीर्तनात, नृसिंह खांबातून प्रकटायच्या वेळी, बुवांचा तोल गेला. खांबाला धरून खालीच बसले! डॉक्टर आले, म्हणाले, "पोटात अन्न नाही, पाणी नाही. उन्हाळ्यात असं करतात का?" आणि गाव काय म्हणालं? "धन्य ते तप!"

पेटीवाले, सूर द्या —

*पुसली भूक, पुसली तहान, पुसले नाही दुखते काय;*
*पाट मांडिला, ताट वाढिले, देव उपाशी उठून जाय!*

विठ्ठल, विठ्ठल!

वर्ष फिरलं. पाडवा झाला, नवरात्र महिन्यावर आलं. देवस्थानच्या पंचांनी ठरवलं, की यंदा नागेशबुवांनाच बोलवायचं, आणि पहिल्या दिवशी रासन्यांच्या घरी जाऊन 'तपस्वी' म्हणून शाल घालायची. आक्काची मान आणखी वीतभर ताठ!

आणि देवाची करणी बघा. त्याच आठवड्यात हौदापाशी शेवाळावरून आक्काचा पाय सटकला. हाड मोडलं नाही, पण घोटा सुजून भोपळा. डॉक्टर म्हणाले, पायावर भार नको, ओझं नको.

आता बादली कशी उचलायची?

वैजयंती म्हणाली, "आई, मी ओतते की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! मंडळी, आयुष्यभर जिनं दुसऱ्याला वाढलं, तिच्यामागं सुनेनं बादली घेऊन उभं राहायचं? आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी सून ताट घेऊन आली. भाकरी, वांग्याची भाजी, आक्काच्या आवडीची. आक्कानं ताट हातानं सारलं.

"नको गं. मी आता नवरात्र होईपर्यंत एकभुक्त राहीन म्हणते. एक केळं, अर्धा पेला ता..."

ताक हा शब्द पुरा झाला नाही! आक्काचा हात तसाच ताटावर. हे शब्द कुणाचे? हे आपण कुठं ऐकले? याच घरात. याच पाटावर!

"वैजू," आक्कानं विचारलं, "गेल्या वर्षी बुवा परसात गेलेले तू बघितलंस कधी?"

सून खाली बघायला लागली. "दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, आई. एका हातात काठी, एका हातात बादली. हिंदकळत चालले होते. मी धावले, म्हटलं द्या बुवा, मी ओतते. तर ते इतके शरमले... माझ्याकडं वर बघेनात. त्याच दुपारी त्यांनी एकभुक्त धरलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ओट्यावर बायकांना तप सांगत होता, आई. मध्ये कशी बोलू?"

ऐकलंत? मध्ये कशी बोलू! आक्काला उमगलं. तप नव्हतं ते. आपल्या परसातल्या बादलीची भीती होती. साठ घरी फिरणारा देवाचा माणूस, आपल्या घरात उपाशी राहिला, तहानेला राहिला, आणि आपण त्या उपासाची तोरणं लावली!

आणि मग पुढचंही तिच्या ध्यानात आलं. आता बुवा पुन्हा येणार. गाव शाल घेऊन उभं. तपस्वी म्हणून! म्हणजे परसात सोन्याचा कमोड बसवला, तरी त्या म्हाताऱ्याला यंदाही जेवता येणार नाही! तपस्वी कुठं पुरणपोळी मागतो का? आक्कानं मिरवलेल्या बढाईत बुवा अडकले! त्यांना सोडवायचं तर गावासमोर तोंड उघडावं लागणार. आणि तोंड उघडलं, तर तीन पिढ्यांचा मान देशमान्यांच्या बंगल्यात जाणार.

काय करेल बाई? तुम्ही काय केलं असतं? जाऊ द्या, उत्तर देऊ नका. खोटं बोलाल, देवळात बसलाय!

आक्का म्हणाली, "मुकुंदा, तात्यांचा कमोड काढ."

मुकुंद दचकलाच. "आई, बाबांची आठवण आहे ती!"

"तुझ्या बाबांनी पाहुण्यांच्या सुखासाठी बसवला होता रे. सुख गेलं, नुसतं चिनी मातीचं मडकं उरलंय. आठवण मी जपीन, तू मडकं काढ."

मुकुंद म्हणाला, "नुसती टाकी बदलू." नळवाला बघून गेला, म्हणाला, आतला रस्ताच बुजलाय, टाकी काय करणार? शिवाय पुढच्या नळाला उतारच नाही. तो उतार काढून देतो, पण भांडं नवं आणा. मग मुकुंदला चढला जोर! "आणायचाच तर असा आणू, की देशमान्यांच्या बंगल्यात नसेल! भिंतीतून निघणारा! जवळ गेलं की झाकण आपोआप उघडणारा!"

"आणि बुवा घाबरून बाहेर पळाले म्हणजे?" आक्का म्हणाली. "मी येते दुकानात."

सुजल्या पायानं आक्का निघाली तालुक्याला. कमरेला पिशवी. पिशवीत काय, कुणाला माहीत नाही. केवलशेठचं दुकान. चकचकीत फरशा, आरसे, आणि ओळीनं मांडलेले कमोड — जणू पंगतच बसलीय! केवलशेठ पुढं आले. "या आक्का! हे बघा, गुलाबाची वेलबुट्टी. हे बघा, सोनेरी काठ. राजवाड्यात शोभेल!"

आक्कानं पिशवीतून सुतळी काढली. सुतळीला गाठ. "आमच्या भिंतीपासून भोक इतक्यावर आहे. याच्या बाहेरचं दाखवूच नका, शोभा घेऊन काय करू?"

निम्मी पंगत उठली!

मग आक्कानं काय केलं? पदर खोचला आणि भर दुकानात एकेका कमोडवर बसायला लागली. बसायची, हात न टेकता उठायची. "हा बुटका. गुडघेदुख्या माणूस उठायचा नाही यावरून." पुढं. "हा बरा."

मुकुंद घामाघूम. "आई, लोक बघतायत!"

"बघू देत! न बघितल्यानंच झालं ना सगळं?"

उरले दोन. एक वेलबुट्टीचा, एक साधा पांढरा. आक्का म्हणाली, "पाणी सोडून दाखवा."

केवलशेठ हसले. "आक्का, मांडलेल्या मालाला पाणी नसतं हो."

आता बघा! भांडीवाल्याची बायको ती! "शेठ, आमच्या दुकानात तपेलं घ्यायला माणूस आला, तर त्याच्यासमोर पाणी भरून दाखवतो आम्ही. थेंब झिरपला तर विकत नाही. हेही भांडंच ना? पाणी न दाखवता भांडं विकायचं, ही कुठली रीत?"

केवलशेठ नरमले. मागच्या अंगणात गटाराच्या तोंडाशी विटा रचून दोन्ही भांडी मांडली. टाक्या बसवल्या, बादलीनं भरल्या. गिऱ्हाइकं जमली. आणि आक्कानं पिशवीतून डबा काढला. डब्यात बाजरीच्या पिठाचे घट्ट मळलेले गोळे!

एक पोरसवदा गिऱ्हाईक म्हणालं, "आजी, हे काय? प्रसाद?"

"प्रसादाच्या पुढचंच आहे, समज!"

अहो, हसून हसून अंगण दणाणलं!

पहिले गोळे पडले वेलबुट्टीत. दाबली कळ! खळखळ केवढी, फेस केवढा! गोळे गोल फिरले... प्रदक्षिणा घातली... आणि पुन्हा दर्शनाला हजर! आक्का म्हणाली, "याला शोभेत ठेवा, शेठ. फुलं लावायला चांगला आहे."

मग गोळे पडले साध्या पांढऱ्यात. कळ दाबली — धबाक्! आवाज एकच. सगळे वाकून बघतात तो काय? स्वच्छ पाणी! गोळा गडप! पुन्हा टाकी भरली, पुन्हा गोळे, पुन्हा गडप!

आक्कानं त्या पांढऱ्या भांड्यावर हात ठेवला, जशी चांगल्या घागरीवर ठेवायची. म्हणाली, "देवाला सोळा उपचार ठीक. माणूस जेवून उठला, की त्याला सतरावाही लागतो. हा माझा सतरावा. बांधून द्या!"

विठ्ठल, विठ्ठल!

नवरात्राचा पहिला दिवस. बुवा आले. वर्षभरात आणखी वाळलेले. ओसरीवर पंच जमलेले, अण्णा देशमाने शाल घेऊन. आक्कानं पान मांडलं, सगळं वाढलं. आमरसाचा वास उंबऱ्याबाहेर! बुवांनी पानाकडं बघितलं. मंडळी, ती नजर काय सांगू! भुकेल्या लेकराची नजर. आणि मग त्यांनी पंचांकडं बघितलं, शालीकडं बघितलं, आणि हात जोडले. "आक्का... माझं आपलं एकभुक्त..."

"बुवा, ते मागून. उन्हातून आलात, आधी परसात हातपाय धुवून या."

बुवांचा चेहरा उतरला. काठी टेकत गेले. आणि मग आतून आवाज आला — धबाक्!

एकच. घर्रर्र नाही, फुस्स नाही, बादली नाही.

बुवा बाहेर आले. दारातच थांबले. आक्काकडं बघितलं. डोळ्यात पाणी. आक्काला जे कळायचं ते कळलं.

अण्णांनी शाल उलगडली. "तर या तपस्व्याला —"

"थांबा, अण्णा!" आक्का उठली. दुखऱ्या पायावर, पण ताठ. "ही शाल तपासाठी घालू नका. गेल्या वर्षी बुवांनी तप केलं नाही. माझ्या परसातला कमोड वाहत नव्हता. बादली उचलायची या गुडघ्यांना ताकद नव्हती, आणि सांगायची त्यांना लाज वाटली. म्हणून ते उपाशी राहिले. मी आंधळी, मी ते गावभर मिरवलं. माझ्या घरात देव उपाशी राहिला, अण्णा. बिऱ्हाडाचा मान न्यायचा असेल तर आजच न्या. पण आधी त्यांना पोटभर जेवू द्या!"

मुकुंदनं मान खाली घातली. वैजयंतीनं मात्र वर केली. सासूकडं अशी बघत होती, जशी गाभाऱ्याकडं बघावी!

पहिलं कोण बोललं? बुवा! पाटावर बसले, बाह्या मागं सारल्या आणि म्हणाले, "आक्का, पोळ्या किती केल्यात?"

"तुम्ही खाल तितक्या!"

"मग तुपाची वाटी जवळ ठेवा. वर्षाची भूक आहे!"

हशा पिकला. आणि अण्णा देशमाने? शाल हातात घेऊन उभे. म्हणाले, "आक्का, मान कुठं न्यायचा? आमच्या बंगल्यात पाहुणे मुक्कामाला का थांबत नाहीत, ते आज कळलं." मग हळूच कानाशी वाकून, "तालुक्याच्या दुकानात गोळे टाकून बघितलंत म्हणे, ते दुकान कुठलं? आणि त्या गोळ्यांचं पीठ... घट्ट मळायचं का सैल?"

"घट्ट, अण्णा! सैल मळाल तर फसाल!"

आणि ती शाल? बुवांनी घेतली, आणि जेवणाआधी आक्काच्या खांद्यावर टाकली. आणि समाप्तीच्या आदल्या संध्याकाळी खांबातून नृसिंह प्रकटला, मंडळी, तो असा प्रकटला, की समया थरथरल्या! बुवा नाचले. गुडघे विसरून नाचले. पोटात अन्न होतं, घशात पाणी होतं, आणि उद्या सकाळची भीती नव्हती!

आता तुमच्याकडं वळतो. सुटका नाही!

तुमच्या घरी लग्नकार्याला म्हातारी आत्या येते. चहा दिला तर म्हणते, नको रे बाबा, आत्ताच झाला. बहीण लांबून येते, दिवसभर पाण्याला तोंड लावत नाही. तुम्ही म्हणता, किती साधी, किती मितभोजी! साधी नाही हो! ती मनातल्या मनात तुमचं परसदार मोजतेय. उद्या घरी एक पाय दुमडा, एक हात पाठीशी बांधा, आणि आपल्याच घरात पाहुणे होऊन बघा. कळ दाबा. फुस्स झालं, तर हरिपाठ मागून, नळवाल्याला आधी बोलवा! आणि घ्यायला जाल तेव्हा वेलबुट्टीवर जाऊ नका, पाणी सोडून बघा. लाजू नका. लाजतो तो पाहुणा, यजमानाला तो अधिकार नाही!

जानकाक्का आता नाही. भरल्या घरातून, ताठ मानेनं गेली. तिच्या नावाचा घाट नाही, मंडप नाही. म्हणून एवढंच मागतो. उद्या सकाळी दार लावून निवांत बसाल, एका दमात सगळं स्वच्छ होईल, पोट हलकं, मन हलकं... त्या क्षणी त्या बाईची आठवण काढा. हात जोडायची गरज नाही, आधी ते धुवा! नुसतं मनातल्या मनात म्हणा — जानकाक्का, तुझं भलं होवो.

बोला, नृसिंह भगवान की — जय!